चाळिशीतील आयव्हीएफ पुनःप्रयत्न

चाळिशीतील आयव्हीएफ पुनःप्रयत्न म्हणजे वयाची चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीने आधीचे शरीरबाह्य फलनाचे उपचार अयशस्वी ठरल्यानंतर ते उपचार त्याच किंवा बदललेल्या स्वरूपात पुन्हा घेणे होय. शरीरबाह्य फलनास आयव्हीएफ असे म्हणतात. बोलीभाषेत त्यास 'टेस्ट ट्यूब बेबी' उपचार असेही संबोधले जाते. दुसऱ्या अपत्यासाठी चाळिशीत घेतलेल्या उपचारांचाही यात समावेश होतो.

हा निर्णय वरकरणी 'आणखी एकदा करावे की थांबावे' असा दुपदरी वाटतो. प्रत्यक्षात त्यात अनेक स्वतंत्र प्रश्न गुंतलेले असतात. स्त्रीबीज कोणाचे वापरायचे, आधीच्या प्रयत्नांतून काय कळले, गर्भारपण शरीरास कितपत झेपेल, खर्च कोठवर करायचा आणि दत्तक घेण्यासारख्या अन्य मार्गांची मुदत केव्हा संपते, हे त्यांतील प्रमुख प्रश्न होत. वयाचा परिणाम या सर्वांवर होत असला तरी तो सारखा होत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचा वेगळा विचार करणे आवश्यक ठरते.

## पार्श्वभूमी

आयव्हीएफद्वारे जगातील पहिल्या बाळाचा जन्म २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे झाला. या तंत्राच्या विकासाबद्दल रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकाता येथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून एका मुलीचा जन्म झाला. त्यांच्या कार्यास हयातीत मान्यता मिळाली नाही.

मुंबईतील केईएम रुग्णालय आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची परळ येथील प्रजनन संशोधन संस्था यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी आयव्हीएफद्वारे एका मुलीचा जन्म झाला. या कार्यात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचा प्रमुख वाटा होता. डॉ. हिंदुजा यांनी पुढे रजोनिवृत्त व अकाली बीजांडकोश निकामी झालेल्या स्त्रियांसाठी स्त्रीबीजदानाचे तंत्र विकसित केले. चाळिशीनंतरच्या उपचारांत आज या तंत्रास मध्यवर्ती स्थान आहे.

प्रारंभी आयव्हीएफ हा मुख्यतः बीजवाहिन्या बंद असलेल्या तरुण स्त्रियांसाठीचा उपचार होता. शिक्षण, नोकरी, उशिरा होणारे विवाह व पुनर्विवाह यांमुळे उपचारासाठी येणाऱ्या स्त्रियांचे वय पुढे वाढत गेले. बंद बीजवाहिनीची अडचण आयव्हीएफने टाळता येते. स्त्रीबीजाचे वय मात्र या तंत्राने कमी करता येत नाही. चाळिशीतील उपचारांच्या मर्यादेचे मूळ या फरकात आहे.

## वय आणि प्रजननक्षमता

### स्त्रीबीजांची संख्या

जन्माच्या वेळी मुलीच्या बीजांडकोशांत साधारणतः दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात. पौगंडावस्थेपर्यंत ती तीन ते चार लाखांवर येतात, वयाच्या ३७ व्या वर्षाच्या सुमारास अंदाजे पंचवीस हजार उरतात आणि रजोनिवृत्तीच्या वेळी हजाराच्या आसपास राहतात. नवीन स्त्रीबीजे तयार होत नाहीत. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ वर्षांच्या आसपास आढळते. त्यामुळे पाश्चात्त्य आकडेवारी भारतीय स्त्रियांना लागू करताना काहीशी सावधगिरी बाळगावी लागते.

उरलेल्या स्त्रीबीजांचा अंदाज एएमएच ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान बीजपुटकांची मोजणी यांवरून घेतात. औषधांना बीजांडकोश कसा प्रतिसाद देतील याचा अदमास या चाचण्यांतून येतो. स्त्रीबीजांचा दर्जा मात्र त्यांतून कळत नाही. एएमएच चांगले असलेल्या ४३ वर्षांच्या स्त्रीस अधिक स्त्रीबीजे मिळू शकतात, तथापि प्रत्येक स्त्रीबीजाची गुणवत्ता तिच्या वयानुसारच असते.

### स्त्रीबीजांचा दर्जा

स्त्रीबीज परिपक्व होताना त्यातील गुणसूत्रांची समान विभागणी व्हावी लागते. वय वाढते तशी ही विभागणी चुकण्याचे प्रमाण वाढते आणि गुणसूत्र कमी किंवा जास्त असलेले भ्रूण तयार होतात. चाळिशीच्या सुरुवातीस निम्म्याहून अधिक भ्रूणांत असा दोष आढळतो, तर ४४ ते ४५ व्या वर्षी दहांपैकी आठ ते नऊ भ्रूण सदोष असू शकतात. असे बहुतांश भ्रूण गर्भाशयात रुजत नाहीत किंवा रुजल्यास पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होतो. चाळिशीत अपयशाचे प्रमाण अधिक असण्याचे हे प्रमुख कारण आहे. विश्रांती, आहार किंवा मनःस्थिती यांतील त्रुटींमुळे भ्रूण रुजला नाही, हा सर्वत्र आढळणारा समज त्यामुळे बहुधा निराधार ठरतो.

गर्भाशयावर वयाचा परिणाम तुलनेने कमी होतो. तरुण दात्रीच्या स्त्रीबीजापासून तयार झालेला भ्रूण चाळिशीतील, किंबहुना पन्नाशीच्या जवळ पोहोचलेल्या स्त्रीच्या गर्भाशयातही रुजू शकतो.

### पुरुषाचे वय

शुक्राणू आयुष्यभर तयार होत असले तरी चाळिशीनंतर वीर्याचे प्रमाण व शुक्राणूंची गती घटते आणि शुक्राणूंमधील डीएनएची मोडतोड वाढते. हा परिणाम स्त्रीच्या वयाच्या परिणामापेक्षा सौम्य असतो. तथापि, पुनःप्रयत्नापूर्वी केवळ स्त्रीच्या चाचण्या करून पुरुषाचा कित्येक वर्षांपूर्वीचा अहवाल ग्राह्य धरणे अपुरे समजले जाते.

## यशाचे प्रमाण

औषधांच्या पहिल्या इंजेक्शनपासून स्त्रीबीजे काढणे, फलन, भ्रूणवाढ व भ्रूण गर्भाशयात सोडणे इथपर्यंतच्या एका प्रयत्नास 'चक्र' म्हणतात. यात इंजेक्शनांचा काळ सुमारे दहा ते बारा दिवसांचा असतो, भ्रूण प्रयोगशाळेत तीन ते पाच दिवस वाढवले जातात आणि भ्रूण सोडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी गर्भधारणेची चाचणी केली जाते.

अमेरिकेतील अलीकडच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार, स्वतःची स्त्रीबीजे वापरणाऱ्या ३५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना एका स्त्रीबीज-संकलनातून मिळालेल्या भ्रूणांपासून अपत्य होते. ३८ ते ४० या वयोगटात हे प्रमाण साधारण चारांत एक, ४१ ते ४२ या वयोगटात सुमारे आठांत एक आणि ४२ वर्षांवरील स्त्रियांमध्ये चार टक्क्यांच्या आसपास येते. ४५ नंतर स्वतःच्या स्त्रीबीजांपासून आयव्हीएफद्वारे अपत्य होणे अत्यंत दुर्मीळ आहे. ४० व ४४ ही दोन्ही वये 'चाळिशी' या एकाच शब्दात मोडत असली तरी त्यांतील शक्यतांमध्ये कित्येक पटींचे अंतर आहे.

### आकडेवारीचे वाचन

केंद्रांकडून सांगितल्या जाणाऱ्या यशाच्या टक्केवारीत पुढील बाबी तपासणे महत्त्वाचे असते:

* यश कशास म्हटले आहे: गर्भचाचणी होकारार्थी येणे, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसणे आणि जिवंत बाळ जन्मणे या तीन भिन्न पायऱ्या आहेत. चाळिशीत गर्भपाताचे प्रमाण अधिक असल्याने पहिल्या व तिसऱ्या पायरीच्या आकड्यांत मोठी तफावत असते.
* छेदस्थानी काय आहे: सुरू केलेल्या प्रत्येक चक्रामागील यश हे भ्रूण सोडलेल्या प्रत्येक वेळेमागील यशापेक्षा नेहमीच कमी असते, कारण स्त्रीबीजे न मिळालेली वा भ्रूण न झालेली चक्रे दुसऱ्या मोजणीत गळतात.
* स्त्रीबीज कोणाचे: दात्रीची स्त्रीबीजे वापरलेली चक्रे एकत्र मोजल्यास वाढत्या वयोगटाचे यश फुगलेले दिसते.
* वयोगट: सर्व वयांची सरासरी चाळिशीतील स्त्रीस लागू पडत नाही.

अनेक चक्रांची एकत्रित शक्यता काढताना टक्केवारींची नुसती बेरीज करता येत नाही. प्रत्येक चक्राची शक्यता १२ टक्के धरल्यास तीन चक्रांनंतरची एकत्रित शक्यता ३६ नव्हे, तर सुमारे ३२ टक्के येते. प्रत्येक चक्राची शक्यता ४ टक्के असल्यास तीन चक्रांनंतरही ती साडेअकरा टक्क्यांच्या आसपासच राहते. शिवाय हे गणित प्रत्येक चक्राची शक्यता समान मानते; प्रत्यक्षात चक्रांच्या दरम्यान वय वाढते आणि आधीच्या अपयशाचे कारणही बहुधा कायम असते.

## आधीच्या प्रयत्नांचे पुनरावलोकन

आधीच्या चक्रांच्या नोंदी हा पुनःप्रयत्नाच्या निर्णयाचा सर्वांत मोलाचा आधार असतो. वयावरून काढलेली शक्यता ही समूहाची सरासरी असते, तर नोंदींवरून संबंधित जोडप्याची स्थिती कळते. औषधांची मात्रा, मिळालेली व परिपक्व स्त्रीबीजे, फलित झालेली बीजे, पाचव्या दिवसापर्यंत टिकलेले भ्रूण आणि सोडलेल्या भ्रूणांची प्रत यांचा त्यांत समावेश असतो. केंद्र बदलताना या नोंदींची प्रत मागून घेणे हितावह ठरते.

अपयश कोणत्या टप्प्यावर आले यानुसार त्याचा अर्थ बदलतो:

* स्त्रीबीजे फार थोडी मिळाली: औषधे वा पद्धत बदलून काही वेळा फरक पडतो. आधीच पूर्ण मात्रा दिलेली असल्यास ती आणखी वाढवून स्त्रीबीजे वाढत नाहीत.
* फलन झाले नाही: शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी ही पद्धत वापरलेली नसल्यास पुढील प्रयत्नात तिचा विचार होतो.
* भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढले नाहीत: वारंवार असे घडणे बहुधा स्त्रीबीजांच्या, काही वेळा शुक्राणूंच्या दर्जाकडे निर्देश करते. त्याच पद्धतीने केलेल्या पुनःप्रयत्नात निकाल बदलण्याची शक्यता मर्यादित असते.
* उत्तम भ्रूण सोडूनही रुजले नाहीत: गर्भाशयाच्या आतील गाठी, मांसांकुर, चिकटलेली अस्तरे, पाणी साचलेली बीजवाहिनी, ॲडिनोमायोसिस, थायरॉइडचे विकार यांची तपासणी केली जाते. भारतात जननमार्गाचा क्षयरोग हे वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण असल्याने त्याचीही शक्यता तपासली जाते.
* गर्भ राहून गर्भपात झाला: गर्भाशय गर्भ स्वीकारू शकतो, एवढे यातून कळते. चाळिशीतील बहुतांश गर्भपातांमागे गुणसूत्रदोष असतो. पडलेल्या गर्भाच्या ऊतींची गुणसूत्र-तपासणी झालेली असल्यास तो अहवाल पुढील निर्णयास उपयोगी पडतो.

चाळिशीत सोडलेले दोन-तीन भ्रूण रुजले नाहीत म्हणून गर्भाशय सदोष आहे असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. सोडलेल्या भ्रूणांपैकी एकही निरोगी नसण्याची शक्यता या वयात बरीच असते. युरोपातील मानवी प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत 'वारंवार न रुजणे' या निदानासाठी ठरावीक संख्येऐवजी वयानुसार अपेक्षित असलेली शक्यता विचारात घेतली आहे.

दोन चक्रांच्या मध्ये दोन-तीन महिन्यांची विश्रांती घेतल्याने शक्यता मोजण्याजोगी कमी होत नाही. एका वर्षाच्या विलंबाने मात्र ती घटते. अपयशानंतर तात्काळ पुढील चक्र सुरू करण्याची घाई त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या क्वचितच अनिवार्य असते.

## उपलब्ध पर्याय

### स्वतःची स्त्रीबीजे

आनुवंशिक नाते टिकवण्याची इच्छा हे या पर्यायामागील मुख्य कारण असते. ४० ते ४२ या वयात, बीजांडकोशांचा प्रतिसाद बरा असल्यास आणि आधीच्या चक्रांची संख्या कमी असल्यास पुनःप्रयत्नास वैद्यकीय आधार मिळू शकतो. ४३ नंतर, विशेषतः आधीच्या चक्रांत भ्रूण तयार झालेले नसल्यास, शक्यता फार कमी उरते. नळीद्वारे शुक्राणू गर्भाशयात सोडण्याच्या आययूआय या साध्या उपचाराचे यश या वयात अत्यल्प असल्याने त्यात दीर्घकाळ घालवण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही.

### साठवलेली स्त्रीबीजे व भ्रूण

गोठवून ठेवलेल्या भ्रूणाची यशाची शक्यता साठवणुकीच्या वेळी असलेल्या वयावर अवलंबून असते. ३७ व्या वर्षी साठवलेला भ्रूण ४२ व्या वर्षी सोडल्यास तो जवळपास ३७ व्या वर्षाच्याच शक्यता बाळगून असतो. त्यामुळे असे भ्रूण शिल्लक असल्यास नव्याने स्त्रीबीजे काढण्यापूर्वी त्यांचा विचार होतो. भारतीय कायद्यानुसार साठवणुकीची कमाल मुदत दहा वर्षे आहे.

### दात्रीची स्त्रीबीजे

या पर्यायात यश दात्रीच्या वयावर अवलंबून असल्याने चाळिशीतील स्त्रियांनाही तरुण स्त्रियांच्या जवळपास जाणारे यश मिळते. बाळाचे आनुवंशिक नाते पतीशी असते आणि गर्भारपण व प्रसूती पत्नीची असते. कायद्याने जन्मलेले मूल जोडप्याचेच अपत्य मानले जाते आणि दात्रीचे त्यावर पालकत्वाचे कोणतेही हक्क राहत नाहीत.

दात्रीच्या स्त्रीबीजाचा स्वीकार हा अनेक स्त्रियांसाठी आनुवंशिक नाते सोडून देण्याचा, पर्यायाने शोकाचाही विषय असतो. हा पर्याय आयव्हीएफची 'पुढची पायरी' म्हणून घाईने मांडला गेल्यास त्या शोकास वाव मिळत नाही. मुलास त्याच्या जन्माविषयी सांगायचे की नाही, सांगायचे तर केव्हा, याचा विचार उपचारापूर्वी करणे समुपदेशक महत्त्वाचे मानतात.

### सरोगसी

भारतात २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार केवळ परोपकारी स्वरूपाची सरोगसी वैध असून तीस वैद्यकीय कारण असावे लागते. वाढलेले वय अथवा स्त्रीबीजांचा घटलेला दर्जा ही सरोगसीची कारणे होत नाहीत. कारण तेथे अडचण गर्भाशयाची नसते.

### दत्तक

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांनुसार दत्तक घेणाऱ्या दांपत्याच्या वयांच्या बेरजेवर मर्यादा आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही बेरीज ८५, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० आणि आठ ते अठरा वर्षांच्या मुलासाठी ११० पेक्षा अधिक असता कामा नये. एकट्या पालकासाठी या मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० व ५५ वर्षे आहेत. ही वये नोंदणीच्या दिनांकानुसार मोजली जातात.

पत्नीचे वय ४१ आणि पतीचे ४४ असल्यास त्यांची बेरीज ८५ होते. वर्षभर आणखी दोन चक्रे करून मग नोंदणी केल्यास ती ८७ वर पोहोचते आणि दोन वर्षांखालील बाळासाठीची पात्रता संपते. उपचार आणि दत्तक यांचा विचार 'आधी हे, मग ते' असा केला जातो तेव्हा ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. नोंदणीनंतर लहान बाळासाठी काही वर्षांची प्रतीक्षाही करावी लागते.

## पूरक उपचार

अपयशानंतर मूळ उपचारास अनेक पूरक प्रक्रियांची जोड सुचवली जाते. गर्भाशयाच्या अस्तरास ओरखडा देणे, अस्तराच्या ग्रहणक्षमतेची जनुकीय चाचणी, बीजांडकोशात रक्तबिंबिकायुक्त द्रव टोचणे, वृद्धिसंप्रेरके व रोगप्रतिकारशक्तीवरील औषधे ही त्यांची उदाहरणे होत. यांपैकी बहुतेकांमुळे अपत्यजन्माचे प्रमाण वाढते असे खात्रीने सिद्ध झालेले नाही. ब्रिटनमधील नियामक संस्था अशा उपचारांचे पुराव्याच्या बळानुसार वर्गीकरण प्रसिद्ध करते.

भ्रूणाची गुणसूत्र-तपासणी ही चाळिशीत विशेष चर्चिली जाणारी चाचणी आहे. या चाचणीने सदोष भ्रूण ओळखता येतात, त्यामुळे निष्फळ भ्रूणरोपण व काही गर्भपात टळू शकतात. तथापि, या चाचणीने निरोगी भ्रूणांची संख्या वाढत नाही. मुळात एक किंवा दोनच भ्रूण मिळत असल्यास तिचा लाभ मर्यादित राहतो. भारतात या चाचणीतून भ्रूणाचे लिंग जाणून घेणे वा निवडणे हा गुन्हा आहे.

## गर्भारपणातील जोखीम

४० ते ४४ या वयोगटात ज्ञात गर्भधारणांपैकी साधारण एक तृतीयांश आणि ४५ नंतर निम्म्याहून अधिक गर्भधारणांचा शेवट गर्भपातात होतो. बाळास डाऊन संलक्षण असण्याची शक्यता २५ व्या वर्षी सुमारे १,२५० मध्ये एक असते. ४० व्या वर्षी ती सुमारे शंभरांत एक आणि ४५ व्या वर्षी सुमारे तिसांत एक होते. दात्रीचे स्त्रीबीज वापरल्यास ही दोन्ही प्रमाणे दात्रीच्या वयानुसार कमी होतात.

उच्च रक्तदाब, पूर्वप्रसूती आकडी, गर्भारपणातील मधुमेह, वार खाली असणे, अकाली प्रसूती व शस्त्रक्रियेद्वारे प्रसूती यांचे प्रमाण मात्र मातेच्या वयानुसार वाढते. दात्रीचे स्त्रीबीज वापरूनही ही जोखीम कमी होत नाही. अशा गर्भारपणात रक्तदाबाचे विकार उलट अधिक आढळतात. जुळ्यांमुळे यात आणखी भर पडते, म्हणून या वयात एका वेळी एकच भ्रूण सोडण्याकडे, विशेषतः दात्रीच्या स्त्रीबीजांच्या बाबतीत, कल वाढत आहे. पुनःप्रयत्नापूर्वी रक्तदाब, रक्तशर्करा, हृदय, थायरॉइड व स्तन यांची तपासणी केली जाते.

गर्भारपणात गुणसूत्रदोष आढळल्यास पुढे काय करायचे, हा प्रश्नही उपचारापूर्वीच चर्चेस येणे इष्ट असते. भारतात २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने निश्चित केल्यास २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास परवानगी मिळू शकते.

## भारतातील कायदेशीर तरतुदी

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार २१ वर्षांवरील व ५० वर्षांखालील स्त्रियांना आणि २१ वर्षांवरील व ५५ वर्षांखालील पुरुषांना हे उपचार घेता येतात. या कायद्यापूर्वी भारतात अशी वैधानिक वयोमर्यादा नव्हती. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीने आयव्हीएफद्वारे जुळ्यांना जन्म दिल्यानंतर या विषयावर देशभर चर्चा झाली होती.

स्त्रीबीज देणाऱ्या दात्रीचे वय २३ ते ३५ वर्षे असावे लागते, तिला आयुष्यात एकदाच दान करता येते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक स्त्रीबीजे घेता येत नाहीत. मर्यादित स्त्रीबीजांमुळे एका दानातून मिळणारे भ्रूणही मोजकेच असतात. परदेशी आकडेवारीशी तुलना करताना ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

यशाची शक्यता, फायदे, तोटे, दुष्परिणाम व खर्च यांची माहिती आणि व्यावसायिक समुपदेशन देणे कायद्याने केंद्रावर बंधनकारक आहे. त्यामुळे स्वतःच्या वयोगटातील जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण विचारणे हा रुग्णाचा हक्क ठरतो.

## खर्च

भारतातील खाजगी केंद्रांत एका चक्राचा खर्च साधारणतः दीड ते अडीच लाख रुपये येतो. चाळिशीत औषधांची मात्रा अधिक लागत असल्याने तो वाढतो. दात्री, भ्रूण-तपासणी व साठवणूक यांचा खर्च वेगळा असतो. भारतीय आरोग्य विम्याच्या बहुतेक योजनांतून वंध्यत्व उपचार वगळलेले असल्याने हा भार बचत, कर्ज वा दागिने मोडून उचलला जातो. गोव्यातील बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून मोफत आयव्हीएफ सेवा उपलब्ध करण्यात आली. मोजक्या सरकारी रुग्णालयांत कमी खर्चात उपचार मिळत असले तरी तेथील प्रतीक्षेचा काळ चाळिशीत महत्त्वाचा ठरतो.

'इतके पैसे घातले, आता थांबलो तर सारे वाया जाईल' ही भावना पुनःप्रयत्नामागे अनेकदा असते. अर्थशास्त्रात यास बुडीत खर्चाचा भ्रम म्हणतात. झालेला खर्च पुढील चक्राच्या यशाची शक्यता वाढवत नाही. आधीच्या चक्रांतून मिळालेली वैद्यकीय माहिती मात्र उपयोगाची असते.

## मानसिक व सामाजिक बाजू

उपचार मोफत वा अनुदानित असलेल्या देशांतही अनेक जोडपी चक्रे शिल्लक असताना उपचार सोडतात; मानसिक ताण हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे आढळले आहे. भ्रूण सोडल्यापासून चाचणीपर्यंतचे दोन आठवडे आणि नकारार्थी निकालानंतरचा काळ विशेष कष्टाचा असतो. अपयशी चक्रात गर्भ राहिलेलाच नसल्याने त्या दुःखाची सामाजिक दखल घेतली जात नाही.

महाराष्ट्रात ओटीभरण, डोहाळेजेवण व बारसे यांसारख्या प्रसंगी अपत्यहीन स्त्रीस डावलण्याची प्रथा अद्याप काही ठिकाणी दिसते. वंध्यत्वाचा दोष बहुधा स्त्रीस दिला जातो. वास्तविक एक तृतीयांश ते निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. पुनःप्रयत्नाची इच्छा स्वतःची आहे की सासर-माहेरच्या अपेक्षेतून आलेली आहे, हे पती-पत्नींना स्वतंत्रपणे विचारणे हा समुपदेशनाचा महत्त्वाचा भाग असतो. दोघांची थांबण्याची तयारी एकाच वेळी होत नाही, हेही सामान्यपणे आढळते. त्याच वेळी वृद्ध आईवडिलांची देखभाल आणि अपत्याच्या शिक्षणाच्या काळात येणारी निवृत्ती हे प्रश्नही या वयात समोर असतात.

## उपचार थांबवणे

पुढील चक्र सुरू होण्यापूर्वीच मर्यादा ठरवणे उपयुक्त मानले जाते. चक्रांची संख्या, रक्कम, वय किंवा वैद्यकीय निकष यांपैकी कोणतीही मर्यादा असू शकते. उदाहरणार्थ, 'या चक्रात पाचव्या दिवसापर्यंत एकही भ्रूण टिकला नाही तर स्वतःच्या स्त्रीबीजांचा प्रयत्न थांबवायचा' असा निकष आधी ठरवल्यास निकालाच्या दिवशी दुःखाच्या भरात निर्णय घ्यावा लागत नाही. अशी मर्यादा पुढे विचारपूर्वक बदलताही येते.

यशाची शक्यता अल्प आहे हे जाणूनही काही स्त्रिया अखेरचा एक प्रयत्न करतात. 'शक्य ते केले' हे समाधान मिळवणे हा त्यामागील हेतू असू शकतो. वैद्यकीय जोखीम व आर्थिक परिणाम स्पष्ट असल्यास असा निर्णय अविवेकी मानला जात नाही. त्याचप्रमाणे कोणताही पुढील पर्याय न स्वीकारता अपत्याविना आयुष्य जगण्याचा निर्णय हाही या प्रक्रियेचा एक पूर्ण व स्वतंत्र शेवट असतो.

## इतर देशांतील धोरणे

ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४० वर्षांखालील पात्र स्त्रियांना तीन, तर ४० ते ४२ या वयोगटास एकच चक्र सार्वजनिक खर्चाने देण्याची शिफारस आहे. त्यासाठी आधी आयव्हीएफ केलेले नसणे आणि बीजांडकोशांची क्षमता घटलेली नसणे अशा अटी आहेत. फ्रान्समध्ये ४३ व्या वाढदिवसापर्यंत चार प्रयत्नांचा खर्च सामाजिक विम्यातून मिळतो. इस्रायलमध्ये स्वतःची स्त्रीबीजे वापरण्यासाठी ४५ वर्षांपर्यंत, दोन अपत्ये होईपर्यंत, शासकीय आरोग्यव्यवस्था खर्च उचलते. भारतात वयाची कायदेशीर मर्यादा आहे, मात्र प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही. त्यामुळे ४३ ते ५० या काळात कोठे थांबायचे हे ठरवण्याची जबाबदारी मुख्यतः जोडपे व डॉक्टर यांच्यावर राहते.

## हेही पहा

* वंध्यत्व
* रजोनिवृत्ती
* स्त्रीबीजदान
* सरोगसी
* दत्तक
* डाऊन संलक्षण